पारंपरिक धनुष्याने काळ्या अस्वलाची डोंगरी शिकार

काळे अस्वल दुरून हेरायचे, वारा सांभाळत पायी त्याच्या जवळ जायचे आणि चक्र्या किंवा नेमाची साधने नसलेल्या साध्या धनुष्याने अगदी थोड्या अंतरावरून बाण सोडायचा, अशी ही उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखातील शिकारपद्धती आहे. तिथले शिकारी तिला ‘स्पॉट अँड स्टॉक’ म्हणतात. आयडाहो, मोंटाना, वायोमिंग, अलास्का ही अमेरिकी राज्ये आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया व अल्बर्टा हे प्रांत तिची मुख्य भूमी. आमिष टाकून मचाणावर बसणे किंवा कुत्र्यांकरवी अस्वलाला झाडावर चढवणे या दुसऱ्या दोन पद्धती आहेत. जिथे कायद्याने परवानगी आहे तिथे त्या चालतात आणि त्यांत शिकार साधण्याची शक्यता बरीच जास्त असते. पाठलागाच्या पद्धतीत शिकारी बहुतेक वेळा रिकाम्या हातांनी डोंगर उतरतो, कारण रायफलवाल्याचे काम जिथे संपते तिथे धनुर्धराचे सुरू होते. दोनशे मीटरवरचे अस्वल त्याच्या दृष्टीने अजून फार लांब असते.

ही नोंद अमेरिकी काळ्या अस्वलापुरती, म्हणजे अर्सस अमेरिकॅनस या जातीपुरती आहे. हिमालयात काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत आढळणारे, छातीवर पांढुरकी चंद्रकोर असलेले काळे अस्वल ही वेगळी जात. मेळघाट, ताडोबा, गडचिरोलीच्या जंगलांतले लांब केसांचे, वाळवी खाणारे अस्वल तर आणखी वेगळे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या दोन्ही अस्वलांना संरक्षण दिले असून कोणत्याही शस्त्राने त्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे.

प्राणी

अमेरिकी काळे अस्वल नावाप्रमाणे काळेच असते असे नाही. रॉकी पर्वतात तपकिरी, दालचिनी रंगाची आणि पिवळसर अस्वलेही बरीच दिसतात. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर तर काही पांढरीही जन्मतात. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ६० ते २२५ किलो भरते. मादी बरीच लहान असते. दृष्टी जवळपास माणसाइतकी, कान तीक्ष्ण. पण अस्वल खरे जगते ते नाकावर. शिकाऱ्याची आकृती दिसली तर ते कदाचित क्षणभर थबकून पाहील. वास आला की मात्र विचार करत थांबत नाही, नाहीसे होते.

हिवाळ्यात पाच ते सात महिने अस्वल गुहेत किंवा ढोलीत पडून असते. त्या काळात ते खात-पीत नाही, मलमूत्र विसर्जनही करत नाही. वसंतात नर आधी बाहेर येतात, नवी पिले असलेल्या माद्या सर्वांत शेवटी. बाहेर आलेल्या अस्वलाला पहिल्यांदा लागते ते कोवळे गवत. दक्षिणेकडे तोंड असलेले उतार आधी तापतात, तिथला बर्फ आधी वितळतो, म्हणून हिरवळही तिथेच आधी फुटते. हिमलोटांनी झाडे साफ केलेल्या घळी, लाकूडतोडीच्या जुन्या, आता बंद पडलेल्या वाटांवर माजलेले क्लोव्हर, बर्फाच्या कडेला उगवणारी ग्लेशियर लिली आणि डँडेलियन अशा ठिकाणी अस्वल गुरासारखे चरते. ही चरण्याची सवय नसती तर ही शिकारपद्धतीच शक्य झाली नसती. एरवी दाट झाडीत राहणारा हा प्राणी वर्षात एवढेच काही आठवडे उघड्यावर तासन्‌तास मान खाली घालून उभा राहतो. शरद ऋतूत अशीच दुसरी संधी येते. हकलबेरीची झुडपे लगडलेली असतात आणि अस्वल हिवाळ्यासाठी चरबी साठवायला रोज २०,००० कॅलरीपर्यंत खात असते. मात्र तेव्हा झाडोरा दाट असतो, म्हणून धनुर्धर शक्यतो वसंतच पसंत करतात. हा हंगाम साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत चालतो.

धनुष्य आणि बाण

‘पारंपरिक’ या शब्दात इथे तीन प्रकारची धनुष्ये येतात: एकाच लाकडातून घडवलेले साधे धनुष्य, सरळ पात्यांचे लांब धनुष्य आणि टोके पुढे वळलेले रिकर्व्ह. यू, ओसेज ऑरेंज आणि हिकरी ही जुनी लाकडे. आजची बहुतेक धनुष्ये लाकूड किंवा बांबूच्या पट्ट्या व फायबरग्लास एकत्र चिकटवून केलेली असतात. तिरकमठा पाहिलेल्या माणसाला त्यांचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. दोरी जितकी मागे ओढाल तितका ताण वाढतो आणि तो सगळा बोटांवर व पाठीवर पेलावा लागतो.

कंपाउंड धनुष्यात हेच बदलते. मिझुरीच्या होलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. चक्र्यांमुळे पूर्ण ओढलेल्या अवस्थेत धनुर्धराला ताणाचा लहानसा हिस्साच धरून ठेवावा लागतो, त्यामुळे तो बराच वेळ नेम धरून थांबू शकतो. पारंपरिक धनुष्याचा ताण साधारण ४५ ते ५५ पौंड असतो. तो ओढून एक-दोन सेकंदांपलीकडे थांबता येत नाही. अस्वलाने नेमक्या वेळी मान वर केली तर दोरी सैल सोडून पुन्हा संधीची वाट पाहावी लागते, आणि या हालचालीनेच अनेकदा सगळा डाव फसतो. आयडाहोसह अनेक ठिकाणी कायद्याने किमान ४० पौंड ताण आवश्यक ठरवलेला आहे.

बाण जड हवा. ५०० ते ६०० ग्रेन, म्हणजे सुमारे ३२ ते ३९ ग्रॅम. मागे टर्कीची पिसे, पुढे पोलादाचे दुधारी पाते. वेग सेकंदाला जेमतेम ५० मीटर, त्यामुळे बाणाची ऊर्जा मोठ्या रायफलच्या गोळीच्या ऊर्जेच्या एखाद्या शतांशाइतकीच भरते. बाण धक्क्याने मारत नाही, कापून मारतो. म्हणून पात्याची धार हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. कानशीने आणि चामड्यावर घासून, केस सहज कापला जाईल अशी धार लावलेली नसेल, तर त्या बाणाने शिकारीला जाणेच गैर आहे.

पूर्वपीठिका

या खंडातल्या आदिवासी समाजांनी अस्वलाची शिकार हजारो वर्षे केली. क्री लोकांमध्ये मारलेल्या अस्वलाची कवटी सन्मानाने झाडावर टांगण्याची रीत होती. मानवशास्त्रज्ञ ए. अर्विंग हॅलोवेल यांनी १९२६ मध्ये उत्तर गोलार्धातल्या अशा अस्वल-विधींचा मोठा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. पर्वतातल्या शोशोनी लोकांची बिगहॉर्न मेंढ्याच्या शिंगांपासून केलेली, स्नायूंच्या तंतूंनी मजबूत केलेली आखूड धनुष्येही प्रसिद्ध आहेत.

आजच्या धनुर्धर शिकाऱ्यांची परंपरा मात्र थेट एका माणसाकडे जाते. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात कत्तल केली. तिच्यातला शेवटचा ज्ञात माणूस १९११ मध्ये ओरोविल गावाजवळ सापडला. त्याने आपले नाव कधी सांगितले नाही. त्याच्या भाषेत ‘माणूस’ अशा अर्थाच्या ‘इशी’ या शब्दाने जग त्याला ओळखू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात राहत असताना तो तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर सॅक्स्टन पोप यांना धनुष्य घडवायला, बाण सोडायला आणि जनावराच्या जवळ जायला शिकवत असे. १९१६ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. पोप आणि त्यांचे सहकारी आर्थर यंग यांनी पुढे यू लाकडाची इंग्लिश घाटाची लांब धनुष्ये वापरून मोठी जनावरे मारली. १९२० मध्ये यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात संग्रहालयासाठी त्यांनी मारलेली ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वले त्यांत विशेष गाजली. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब आजही धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवतो. वाळलेल्या कवटीची लांबी आणि रुंदी मिळून १८ इंच भरली, तर काळ्या अस्वलाची त्यात नोंद होते. क्लबच्या नावात दोन शिष्य आहेत, गुरू नाही. या इतिहासात ते टोचल्याशिवाय राहत नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मिशिगनच्या फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने धनुष्ये सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणली. कंपाउंड आल्यानंतर पारंपरिक धनुष्य काही काळ मागे पडले, पण ते वापरणारा निष्ठावान गट टिकून राहिला आहे.

हेरणे

शिकारीचा बहुतेक वेळ बसण्यात जातो. समोरचा उतार दिसेल अशा सोंडेवर बसून आठ किंवा दहा पट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीने तो पट्ट्यापट्ट्याने चाळायचा. जळके खोड, काळा खडक आणि सावली ही तिन्ही अस्वलासारखी दिसतात. फरक एवढाच की थोड्या वेळाने पुन्हा पाहिल्यावर अस्वल जागेवर नसते. दुपारनंतर, विशेषतः सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत, अस्वले उघड्यावर येण्याची शक्यता सर्वांत जास्त.

अस्वल दिसले म्हणून लगेच उठायचे नसते. आधी ते काळे अस्वल आहे, ग्रिझली नाही, याची खात्री हवी. ग्रिझलीला अलास्का वगळता अमेरिकेच्या सलग भूभागात १९७५ पासून संघीय संरक्षण आहे. रंगावरून दोहोंतला फरक ठरत नाही. खांद्यावरचा उंचवटा, खोलगट चेहरा, आखूड गोल कान आणि लांब फिकट नखे ही ग्रिझलीची लक्षणे एकत्र पाहावी लागतात. काळ्या अस्वलाचा परवाना देण्यापूर्वी मोंटाना राज्य यासाठी ओळखचाचणी घेते.

दुसरा प्रश्न पिलांचा. पिले बरोबर असलेली मादी मारायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे, पण आई चरत असताना पिले जवळच्या झाडावर चढून बसलेली असू शकतात आणि ती एकटीच आहे असे वाटते. मोठे डोके, त्यावर लहान दिसणारे व एकमेकांपासून दूर असलेले कान, जड झुलती चाल ही जुन्या नराची खूण. दुर्बिणीतून घालवलेला हा अर्धा-पाऊण तास या पद्धतीतला सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण इथे नकार देणे पूर्णपणे शिकाऱ्याच्या हातात असते.

वारा आणि पाठलाग

डोंगरातला वारा सूर्याबरोबर दिशा बदलतो. उतार तापला की हवा वर चढते. ऊन गेले की गार होऊन खाली उतरते. म्हणजे दुपारी अस्वलाच्या वरच्या अंगाने यायचे आणि संध्याकाळी खालच्या. अडचण अशी की अस्वल दिसते उन्हात आणि शिकारी त्याच्यापर्यंत पोहोचतो सावलीत. मधोमध एक वेळ येते जेव्हा वारा मरतो, इकडेतिकडे घुटमळतो, मानेवर एकदम गार झुळूक लागते आणि घळीतली हवा खाली वाहू लागते. पूडभरली छोटी बाटली दाबून किंवा रुईच्या म्हातारीसारखे तंतू सोडून शिकारी पावलोपावली हे तपासत असतो. अनुभवी माणूस या संधिकाळात अस्वलाच्या शंभर मीटर बाजूला बसून राहतो आणि वारा एका दिशेला स्थिरावल्यावरच पुढे सरकतो. स्थिरावला नाही तर त्या दिवशी जात नाही.

चरणारे अस्वल एका जागी थांबत नाही, त्यामुळे ते आता जिथे आहे तिथे न जाता पुढे जिथे येईल ती जागा गाठावी लागते. खळाळता ओढा पावलांचा आवाज झाकतो. ओढा नसेल तर शेवटच्या टप्प्यात बूट काढून लोकरीच्या मोज्यांवर चालायचे. अस्वलाची मान खाली असेल तेव्हा पाऊल उचलायचे, वर झाली की आहे त्या अवस्थेत थिजायचे. तीस मीटरच्या आत आल्यावर गवत तोडल्याचा करकर आवाज ऐकू येतो, मुंग्यांसाठी दगड उलटवल्याची धप्प ऐकू येते, आणि ऐकणाऱ्याला कळते की स्वतःच्या चघळण्याच्या आवाजामुळे अस्वलाचे कान थोडे बंद आहेत. शेवटचे दहा-पंधरा मीटर काटायला कधीकधी त्याआधीच्या किलोमीटरपेक्षा जास्त वेळ लागतो.

बाण सोडणे

बहुतेक जण वीस यार्ड, म्हणजे १८ मीटर, ही मर्यादा मानतात. या अंतरावर बाण पोहोचायला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी अस्वलाच्या कानी पडतो. नेमासाठी खुणा नसतात. धनुर्धर बाणाचे टोक आणि लक्ष्य यांतल्या अंतराच्या अंदाजाने, किंवा वर्षानुवर्षांच्या सरावातून आलेल्या जाणिवेने बाण सोडतो. अस्वल आडवे उभे असावे किंवा किंचित पाठमोरे, आणि जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असावा. समोरून कधीही नाही, कारण छातीची हाडे आणि स्नायू बाण अडवतात. लांब केसांमुळे अस्वलाची बाह्यरेषा फसवी असते. खरे शरीर दिसते त्याहून बरेच आत असते.

जखमेतून वाहणारे रक्त चरबी आणि दाट केस शोषून घेतात, त्यामुळे माग पुसट होतो. बाण आरपार जाऊन खालच्या बाजूने बाहेर पडला तरच जमिनीवर थेंब मिळण्याची आशा. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली असतील तर अस्वल सहसा फार दूर जात नाही, आणि मरताना कधीकधी एक लांब, कण्हल्यासारखा आवाज काढते. तो ऐकलेले शिकारी त्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

कातडे काढण्याची घाई असते, कारण चरबी आणि कातडे उष्णता धरून ठेवतात आणि मांस लवकर नासते. वसंतातले मांस चवीला चांगले मानले जाते. चरबी वितळवून स्वयंपाकात वापरतात. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा परजीवी कृमी असू शकतो आणि त्याच्या थंड प्रदेशातल्या जाती गोठवूनही मरत नाहीत. म्हणून मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापेल असे शिजवावे लागते.

कायदे आणि वाद

कोलोरॅडोत १९९२ मध्ये मतदारांनी वासंतिक शिकार, आमिष आणि कुत्रे या तिन्हींवर बंदी घातली; ओरेगनने १९९४ मध्ये आमिष व कुत्रे थांबवले, वॉशिंग्टनने १९९६ मध्ये. वॉशिंग्टनच्या वन्यजीव आयोगाने २०२२ मध्ये वासंतिक करमणूक-शिकारही बंद केली. ब्रिटिश कोलंबियाने डिसेंबर २०१७ मध्ये ग्रिझलीची परवाना-शिकार थांबवली, काळ्या अस्वलाची चालू ठेवली. काळ्या अस्वलांची एकूण संख्या आठ-नऊ लाखांच्या घरात मानली जाते, त्यामुळे जात धोक्यात असल्याचा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. पण मादी उशिरा वयात येते आणि साधारण एक वर्षाआड पिले देते, म्हणून एखाद्या खोऱ्यात माद्या जास्त मारल्या गेल्या तर ती तूट भरून यायला वर्षे लागतात.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा जखमी होऊन निसटणाऱ्या अस्वलांचा आहे, आणि पारंपरिक धनुष्याला तो रायफलपेक्षा अधिक लागू होतो. धनुर्धरांकडे यावर एकच प्रामाणिक उत्तर आहे: अंतर कमी ठेवणे आणि शंका असेल तेव्हा बाण न सोडणे. ते उत्तर कोणताही कायदा सक्तीने पाळायला लावू शकत नाही. पित्ताशयाच्या व्यापाराबाबत मात्र नियम कडक आहेत. आशियाई अस्वलांच्या पित्ताशयांची तस्करी अमेरिकी पित्ताशयांच्या नावाखाली होऊ नये, म्हणून अमेरिकी काळ्या अस्वलाचा समावेश १९९२ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला.