डोंगल: तार न पोचलेल्या कोल्हापूरचं इंटरनेट

हिरवा दिवा लुकलुकला तर फक्त मेल बघायची, निळा लागला तर फॉर्म भरायला घ्यायचा. २०११-१२ च्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत इंटरनेटचा अंदाज असा दिव्याच्या रंगावर बांधला जायचा. हुआवेच्या पांढऱ्या काडीला मंद टूजी मिळालं की हिरवा, वेगवान थ्रीजी मिळालं की निळा. भोगावतीच्या काठच्या आमच्या घरी ती काडी खिडकीच्या गजाला बांधलेली असायची. बहीण संगणकासमोर बसायची आणि आबा सोप्यातून विचारायचे, "निळा लागला का गं?"

ही काडी म्हणजे यूएसबी मोडेम, लोकांच्या भाषेत डोंगल. आमच्याकडे तिला सरसकट 'नेटसेटर' म्हणत. मुळात ते आयडिया कंपनीच्या डोंगलचं नाव, पण कुठल्याही कंपनीची काडी असली तरी नेटसेटरच. शहरातल्या माणसाला ती प्रवासातली सोय वाटायची. ज्यांच्या घरापर्यंत तार आलीच नाही, त्यांच्यासाठी तेच पहिलं आणि एकमेव इंटरनेट होतं. ते तसं का झालं, हे समजायला आधी तारेची गोष्ट सांगावी लागते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मोजक्या महानगरांत. कोल्हापुरातून ते वापरायचं तर संगणकाने मुंबईचा नंबर फिरवायचा आणि तेवढा वेळ एसटीडीचं मीटर पळत राहायचं. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, पुढे संचारनेटसारख्या सेवांमुळे स्थानिक कॉलच्या दरात जोडणी होऊ लागली आणि सायबर कॅफेंचे बोर्ड दिसू लागले. तरी वेग फार तर सेकंदाला ५६ किलोबिट, आणि नेट चालू असताना घरचा फोन बंद.

खरं ब्रॉडबँड आलं ते जानेवारी २००५ मध्ये, बीएसएनएलच्या 'डेटावन'च्या रूपाने. त्याच्या आधीच्या वर्षी आलेल्या सरकारी धोरणात २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हटलं होतं. ही सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच चालायची आणि तिथेच अडचण होती. तारेवरचा हा सिग्नल एक्स्चेंजपासून जसजसा लांब जातो तसतसा क्षीण होतो. चार-पाच किलोमीटरच्या पुढे तो वापरण्याजोगा उरत नाही, आणि जोड जुने असतील, तारेत पाणी शिरलं असेल, तर त्याच्याही बराच अलीकडे संपतो. राजारामपुरी, ताराबाई पार्क, शाहूपुरी इथे त्याचा त्रास कमी. पण शहर त्याच काळात फुलेवाडी, कळंबा, पाचगाव, उचगावकडे पसरत होतं. गावांचं तर वेगळंच. एक्स्चेंज असलं तरी त्यात ब्रॉडबँडची यंत्रणा बसवलेली असेलच असं नाही. ती असली तरी मळ्यातल्या एका घरासाठी किलोमीटरभर खांब कोण रोवणार? आमच्या अर्जाला उत्तर आलं, "लाइन फिजिबल नाही." हा इंग्रजी शब्द तेव्हा आमच्या भागातल्या अडाणी माणसालाही कळत होता.

या प्रश्नाशी जिल्ह्याने डोंगलच्या कितीतरी आधी झुंज घेतली होती, आणि ती हकीकत मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. १९९८ मध्ये वारणानगरच्या परिसरातली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प हाती घेतला गेला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा सहकारी समूह असे तिघे त्यात होते. इंग्रजीत त्याचं नावच 'वायर्ड व्हिलेज', म्हणजे तारांनी जोडलेलं गाव. गावोगावी संगणकाची केंद्रं उघडली. उसाची नोंद, तोडीची पाळी, कारखान्यावर झालेलं वजन, बिलाची रक्कम हे सगळं शेतकऱ्याला आपल्या गावात बघता यावं, हा हेतू. ज्या काळात पुण्या-मुंबईतही घरोघरी संगणक नव्हते त्या काळात हे धाडस होतं.

केंद्रं चालली, पण संगणक सांभाळणं महाग पडत गेलं. वीज, दुरुस्ती, जोडणी, सगळ्याचाच खर्च. मग काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तिथेच दुसरा प्रयोग केला. ७ गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि उसाची तीच माहिती एसएमएसवरून द्यायला सुरुवात केली. या प्रयोगाला नाव दिलं 'वारणा अनवायर्ड'. काम तेच झालं आणि खर्च पुष्कळ कमी आला. प्रकल्पाच्या नावातली तार दहा वर्षांच्या आत गळून पडली, ती कुणाच्या हौसेने नाही, खर्चाच्या हिशोबाने. डोंगल घरोघरी का शिरलं, याचं कारणही हेच आहे.

मोबाइलवरून संगणकाला नेट देण्याची सुरुवात डोंगलने केली असं मात्र नाही. मोबाइलची तेव्हा दोन तंत्रं होती, सीडीएमए आणि जीएसएम. २००३ पासून रिलायन्सचे सीडीएमए फोन स्वस्तात हातोहात पसरले. त्यांना डेटा केबल लावली की फोन मोडेम व्हायचा. कागदावर वेग १४४ किलोबिट. संगणकात #७७७ हा नंबर लावायचा आणि 'डायल' दाबायचं. जीएसएमवाल्यांसाठी तोच नंबर *९९#. हे नंबर कुणाला लागत नव्हते. संगणकाला मोडेमशी बोलायची एकच भाषा ठाऊक होती, ती म्हणजे १९८१ मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीने आपल्या टेलिफोन मोडेमसाठी ठरवलेल्या 'एटी' आज्ञा. म्हणून नव्या यंत्राने जुन्या टेलिफोन मोडेमचं सोंग घेतलं. थ्रीजीच्या काड्याही आतून तेच करत होत्या. त्यामुळेच त्यांच्या खिडकीत 'डायलिंग' असा शब्द यायचा.

स्वतंत्र काडीच्या आधी लॅपटॉपच्या कुशीत सरकवायची कार्डं होती. ती महाग, आणि साध्या संगणकाला लागत नसत. यूएसबीने हा अडसर काढला. इंटेलमध्ये ज्या चमूने यूएसबी घडवलं त्याचं नेतृत्व बडोद्यात शिकलेल्या अजय भट्ट यांनी केलं होतं, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं. २००६ मध्ये हुआवेचा ई२२० हा माऊससारखा दिसणारा मोडेम आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो आक्रसून काडीएवढा झाला. आणखी एक सोय त्यात होती. काडी लावली की ती आधी सीडी असल्यासारखी दिसायची, आपलं सॉफ्टवेअर स्वतःच संगणकात भरायची आणि मग मोडेम व्हायची. सीडी ड्राइव्ह नसलेल्या किंवा बिघडलेल्या संगणकावरही काम होई. तालुक्याहून माणूस बोलवायला लागत नसे. खेड्यातल्या प्रसाराला या एका युक्तीने जेवढा हात दिला तेवढा जाहिरातींनी दिला नसेल.

बाजारात तेव्हा दोन घराणी होती. टाटाचं फोटॉन आणि रिलायन्सचं नेटकनेक्ट हे सीडीएमएवरचे. त्यांची वेगवान सेवा ३.१ मेगाबिटपर्यंत जायची, पण ती शहरांत. शहर सोडलं की तीच काडी जुन्या मंद सेवेवर उतरायची. दुसरीकडे जीएसएमवाले. सरकारी कंपन्यांना थ्रीजीच्या लहरी (स्पेक्ट्रम) लिलावाआधीच मिळाल्या होत्या. खासगी कंपन्यांसाठीचा लिलाव एप्रिल-मे २०१० मध्ये ३४ दिवस चालला. महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणजे मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोव्यात, आयडिया, व्होडाफोन आणि टाटा यांना लहरी मिळाल्या. एकेकाने सुमारे १२५८ कोटी रुपये मोजले. एअरटेलला या सर्कलमध्ये मिळाल्या नाहीत, शेजारच्या कर्नाटकात मिळाल्या.

सर्कलची ही रेघ कोल्हापूरकरांइतकी फार थोड्यांना जाचली असेल. कागलच्या पलीकडे निपाणी, चंदगडच्या पलीकडे बेळगाव. उंचावरच्या घरात काडी लावली की ती कर्नाटकातला टॉवर पकडायची आणि रोमिंग सुरू. पॅकमधला डेटा तसाच राहायचा आणि मूळ शिल्लक संपायची. मग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायचं, 'ऑटो' काढून टाकायचं. सीमाभागातल्या पोरांना हे कुणी शिकवलं नव्हतं, एकदोनदा रिचार्ज बुडाल्यावर आपोआप कळलं.

पश्चिमेच्या तालुक्यांचं दुखणं निराळं होतं. थ्रीजी २१०० मेगाहर्ट्झवर, टूजी ९०० वर. लहरीचा हा आकडा जितका मोठा तितकी ती कमी अंतर जाते आणि भिंतीत, झाडीत लवकर विरते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा हा सगळा सह्याद्रीचा उतार. दरीत वाडी आणि टॉवर डोंगराच्या पलीकडे. त्यामुळे निळा दिवा बाजाराच्या गावी लागायचा आणि वाडीवर हिरवाच राहायचा. जाड दगडी भिंती आणि वर पत्रा असलेल्या घरात तर हिरवाही जायचा. यावर उपाय म्हणजे यूएसबीची लांब वायर. पाच मीटरपर्यंत ती चालते, पुढे काडीला वीज पुरत नाही आणि माहितीही तुटते. आम्ही काडीच्या मागे पीठ चाळायची स्टीलची चाळण बांधली होती. जाळीवर लहर परतते आणि काडीच्या जागी गोळा होते. टॉवरच्या दिशेला चाळणीचं तोंड नेमकं झालं की सिग्नलच्या एक-दोन कांड्या वाढायच्या. आईला चाळण दुसरी आणावी लागली.

डोंगल रुजण्याचं एक कारण तंत्राच्या पुस्तकांत सापडत नाही, ते म्हणजे भारनियमन. त्या वर्षांत खेड्यात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. तारेचं ब्रॉडबँड असलेल्या घरीही मोडेमला वीज लागायची, लाइट गेली की सगळं ठप्प. लॅपटॉप आणि काडीला बॅटरी पुरायची. टॉवरवर बॅटऱ्या आणि डिझेलचा जनरेटर असायचा. अंधारात चालणारं गावातलं एकमेव इंटरनेट ते हेच.

आणि नेमकं त्याच काळात सरकारी कामं ऑनलाइन होत गेली. २०११ पासून ग्रामपंचायतींत 'संग्राम' केंद्रं आली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, दाखले, पंचायतीचा जमाखर्च संगणकावर चढवायचा होता. शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा, प्रवेश, सगळ्यांचे अर्ज नेटवर. फॉर्म आधी ऑनलाइन झाला आणि तार नंतर कधीतरी येणार होती. मधली सगळी वर्षं काडीने भरून काढली. २०१२ मध्ये बहिणीचा एक अर्ज आम्ही शेवटच्या रात्री भरला. फोटो चढवताना जोडणी तीनदा तुटली. पहाटे दोनला गर्दी ओसरल्यावर निळा दिवा स्थिर झाला आणि पावती निघाली. टॉवरची क्षमता सगळ्या गावात वाटली जाते, म्हणून जिल्ह्यातल्या किती पोरांनी आपले अर्ज असे मध्यरात्री भरले असतील.

पुढचा भाग झपाट्याने घडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं, डेटाचे दर कोसळले आणि फोनचा हॉटस्पॉट वापरणं स्वस्त झालं. वेगळी काडी, वेगळं सिम, वेगळा रिचार्ज कशाला? २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा बंद पडली, ३१ ऑगस्ट २०१८ रोजी आयडिया आणि व्होडाफोन एक झाल्या, जुलै २०१९ मध्ये टाटाचे मोबाइल ग्राहक एअरटेलकडे गेले. फोटॉन आणि नेटकनेक्टच्या काड्या ड्रॉवरमध्ये पडल्या.

तारही पुढे सरकली. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली आणि नंतर भारतनेट नावाने ओळखली गेलेली योजना देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची होती. केबलवाल्यांनी खांबांवरून फायबर ओढलं. तरी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा तारही गेली आणि वीज बंद असल्याने टॉवरच्या बॅटऱ्याही संपत गेल्या. बिनतारी म्हणतो त्या जोडणीलाही टॉवरपर्यंत वीज लागते आणि टॉवरमागे फायबर किंवा मायक्रोवेव्हचा दुवा लागतो, हे त्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा डोंगरातली मुलं पुन्हा रेंज असलेल्या माळावर जाऊन बसली.

आज काडी मिळते ती फोरजीची, बहुतेक वेळा स्वतःचं वायफाय देणारी. बांधकामाची साइट, ऊसतोडीच्या हंगामातलं तात्पुरतं ऑफिस, फायबर न आलेलं शेतघर, इथे ती अजून लागते. घेताना वेगाच्या आकड्यापेक्षा ती कुठल्या लहरी पकडते ते आधी बघावं. डोंगराकडे ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ पकडणारी काडी २३०० वाल्यापेक्षा जास्त उपयोगाची. बाकी खिडकी आणि टॉवरची दिशा यांचे नियम तेच आहेत.

एअरटेलने २०२० मध्ये थ्रीजी बंद केलं, पुढे व्हीनेही (एक झालेल्या आयडिया-व्होडाफोनचं आताचं नाव) त्या लहरी फोरजीकडे वळवल्या. टूजी दोघांचं अजून चालू आहे. आमची जुनी काडी मध्यंतरी पेटीत सापडली. तिच्यात व्हीचं सिम घालून लॅपटॉपला लावली, थोडा वेळ गेला, आणि हिरवा दिवा लुकलुकू लागला.