कोयना नदी

कोयना ही सातारा जिल्ह्यातली कृष्णेची सगळ्यात मोठी उपनदी, लांबी साधारण १३० किमी. उगम महाबळेश्वरचा, पण नेमका कुठला यावर दोन मतं आहेत. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, सावित्री, गायत्री आणि कोयना एकाच दगडी गोमुखातून पडतात अशी श्रद्धा आहे, तिथे ओंजळ धरली की पाचही नद्यांचं पाणी हातात आलं असं मानतात (मंदिर १३व्या शतकातलं, यादव राजा सिंघणाने बांधलेलं, असं सांगितलं जातं). जुन्या सातारा गॅझेटियरमध्ये मात्र उगम पठाराच्या पश्चिम कडेला, एल्फिन्स्टन पॉइंटजवळ दिलाय. नकाशावर ओढे मागे मागे शोधत गेलं तर हेच जास्त पटतं, गोमुखाचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

खरी गंमत हिच्या वळणात आहे. सह्याद्रीच्या इकडच्या नद्या पूर्वेला पळतात आणि ही मात्र पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि पूर्वेला बामणोलीची रांग यांच्या मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून सरळ दक्षिणेला जाते, तीसुद्धा साठेक किमी, आणि हेळवाकला आल्यावर जवळपास काटकोनात पूर्वेला वळते. असं का? बेसॉल्टमधल्या (लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडातल्या) उत्तर-दक्षिण भेगांनी नदीला वाट दिली असं बरेच भूशास्त्रज्ञ मानतात, काहीजण पुराकाळातल्या नदी-अपहरणाकडे (एका नदीने दुसरीचा प्रवाह आपल्याकडे ओढून घेणं) बोट दाखवतात. भेगांचं मत जास्त सयुक्तिक वाटतं, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप (तीव्रता सुमारे ६.३ ते ६.५, जवळजवळ दोनशे माणसं गेली) ज्या भेगेवर झाला तीसुद्धा साधारण उत्तर-दक्षिणच, जराशी ईशान्येकडे कललेली. कोयना धरणात साठलेल्या पाण्यामुळे हा भूकंप झाला असं आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

धरण हेळवाकजवळच, उंची १०३ मीटर, मागे शिवसागर जलाशय, साठा सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). यातलं बरंच पाणी बोगद्यांनी कोकणातल्या पोफळीकडे उतरवून वीज करतात आणि ते वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं, नाहीतर ते बंगालच्या उपसागरात गेलं असतं! तापोळा, बामणोलीला लाँचने जलाशयाच्या पलीकडे जातात, वासोटा किल्ल्याची वाटही तीच.

सोळशी, कांदाटी, केरा, मोरणा, वांग या उपनद्या. शेवटी कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात, त्यालाच प्रीतिसंगम म्हणतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच काठावर आहे.