प्रेसिडेन्शियल स्कॉलरचा फॉर्म कुठेच मिळत नाही, कारण तो नसतोच

अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, की बारावीतल्या मुलाने "यूएस प्रेसिडेन्शियल स्कॉलर्स"साठी (हायस्कूल संपवणाऱ्या हुशार मुलांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाने दिला जाणारा मान) स्वतः अप्लाय करायचं असतं. प्लीज, तसं नाहीये! हा मान 1964 पासून दिला जातो आणि त्यात थेट अर्ज करायची सोयच नाही, एसएटी किंवा एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांचे स्कोअर खूप वर असले, किंवा राज्याच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांनी किंवा या कार्यक्रमाशी जोडलेल्या एखाद्या संस्थेने नाव सुचवलं, तरच मुलाला अर्ज करायचं बोलावणं येतं (कलेतल्या मुलांचा रस्ता यंगआर्ट्स या तरुण कलाकारांच्या संस्थेच्या स्पर्धेतून जातो), आणि मग निबंध, मार्कशीट, शाळेचा रिपोर्ट वगैरे भरायचं. म्हणून कोणी "आम्ही अप्लाय करून देतो" म्हणत पैसे मागत असेल तर देऊ नका.

अजून एक, नुसत्या स्कोअरवर निवड होत नाही, तो फक्त दार उघडतो. देशभरातून जास्तीत जास्त 161 मुलं घेतात. आणि नावात स्कॉलर असलं तरी फीचे पैसे मिळत नाहीत, मेडल मिळतं.

आपल्याकडच्या खूप मुलांना लागू होणारी गोष्ट म्हणजे सिटिझन किंवा ग्रीन कार्ड असावंच लागतं. एच-4 वरची (म्हणजे आई-वडिलांच्या एच-1बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेली) मुलं कितीही हुशार असली तरी यात बसत नाहीत, हे त्यांना आधीच नीट सांगा, उगाच आस लावू नका.