घेवडा लावायचाय, पण कोणता? वाल आणि श्रावणघेवडा यांतला फरक

"घेवड्याचा वेल मांडवभर पसरलाय, पण चार महिने झाले, फूल नाही." "घेवड्याला फुलं भरपूर येतात, पण सगळी गळून जातात." परसबागेतल्या या दोन नेहमीच्या तक्रारी. दोन्हीकडे शब्द एकच, पण झाडं वेगळी, कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. घेवडा हे नाव आपल्याकडे दोन पिकांना चिकटलं आहे. एक वाल, म्हणजे वालपापडी किंवा पावट्याच्या कुळातला. दुसरा श्रावणघेवडा, ज्याला मुंबई-गोव्याकडे फरसबी म्हणतात. बी विकणारा पाकिटावर किंवा पुडीवर नुसतं 'घेवडा' लिहितो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

म्हणून आधी बी हातात घेऊन पाहा. वालाच्या दाण्याच्या कडेवर पांढरी, जाड, उठून दिसणारी रेघ असते, जणू दाण्याला पांढरी शिवण घातली आहे. श्रावणघेवड्याच्या दाण्याला अशी शिवण नसते. दाणा मूत्रपिंडाच्या आकाराचा असतो आणि त्याच्या आतल्या बाकाच्या मध्यावर फक्त एक छोटा लंबगोल डोळा दिसतो. बी पेरून झालं असेल तर फुलं येईपर्यंत थांबा. वालाचा तुरा पानांच्या वर ताठ उभा राहतो आणि त्यावर पांढरी किंवा जांभळी फुलं ओळीने लागतात. श्रावणघेवड्याची फुलं मोजकी असतात आणि बहुधा पानांच्या आडोशाला. शेंग हातात आल्यावर तर शंकाच उरत नाही. वालाची शेंग चपटी, रुंद, टोकाला चोच असलेली आणि मोडली की उग्र वासाची. श्रावणघेवड्याची शेंग बहुधा गोलसर, कोवळी असताना कट्‌कन मोडणारी, आणि तिला तो वास नसतो.

आता वेल वाढूनही फुलत नाही त्याबद्दल. आपला पारंपरिक वेलीचा वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. जून-जुलैमध्ये लावलेला वेल पावसाळाभर पानं काढतो, सप्टेंबर संपताना तुरे टाकू लागतो आणि थंडीभर शेंगा देतो. हाच वाल जानेवारी-फेब्रुवारीत लावला तर तो उन्हाळा आणि पावसाळा नुसता वाढत बसतो, पुढच्या शरदापर्यंत. खताची मात्रा वाढवून त्याला फुलवता येत नाही. उलट शेणखत किंवा युरिया जास्त झाला की पानंच अधिक माजतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात वेल असेल तरीही फुलोरा लांबू शकतो. गॅलरीत मांडव करताना हे ध्यानात ठेवावं.

ज्यांना जूनपर्यंत थांबायचं नाही त्यांच्यासाठी वालातच झुडपी वाण आहेत, आणि ते दिवसाच्या लांबीची पर्वा करत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण', बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे 'अर्का जय' आणि 'अर्का विजय' ही त्यांतली नावं. साधारण दोन-अडीच फुटांचं झुडूप, मांडव लागत नाही, दोन महिन्यांच्या आसपास पहिली तोडणी. शेंगेची भाजी करायची असेल तर अर्का जयची लांब फिकट शेंग बरी. वालाचा तो खास वास हवा असेल तर अर्का विजयच्या आखूड, गडद हिरव्या शेंगा घ्याव्यात. कुंडीत वाल लावणाऱ्यांनी सरळ झुडपी वाणच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेलीचा वाल कुंडीत जगतो, पण त्याला किमान ४० ते ५० लिटर मातीचा पिंप लागतो आणि भर उन्हात दिवसातून दोनदा पाणी.

जमिनीत जागा असेल तर मात्र वेलीच्या वालासारखं दुसरं पीक नाही. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत, मधोमध तीन-चार बिया एक इंच खोल. उगवल्यावर दोन सशक्त रोपं ठेवायची. दोन खड्ड्यांत सात-आठ फूट अंतर, मांडव डोक्याएवढा उंच, म्हणजे शेंगा खालून तोडता येतात. वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. एका घराला दोन वेल पुष्कळ झाले.

थंडी पडली की कोवळ्या शेंड्यांवर आणि तुऱ्यांवर काळा मावा बसतो. त्याच्या मागे मुंग्या येतात. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारून तो झाडायचा, शेंडे फार माखले असतील तर कापून टाकायचे. उरलेल्यावर ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. फुलं एकमेकांना जाळीने चिकटलेली दिसली तर आत शेंगा पोखरणारी अळी असते. तो गुंता हाताने तोडून नष्ट करावा. अळी शेंगेत शिरल्यावर फवारणीचा उपयोग फारसा होत नाही. शेंग तोडताना तुऱ्याचा दांडा मोडू नका, त्याच तुऱ्यावर टोकाकडे पुढची फुलं येत राहतात.

श्रावणघेवड्याचा स्वभाव अगदी उलटा. त्याला दिवस किती मोठा याची फिकीर नाही, हवा किती गरम याची आहे. १६ ते २४ अंशांत तो सुखी असतो. पारा तिशीपार गेला की फुलं गळू लागतात, किंवा शेंग धरली तरी वेडीवाकडी होते. दुसऱ्या तक्रारीचं मूळ हेच आहे. सातारा, पुणे, नाशिककडच्या थंड पावसाळ्यात जून-जुलैची पेरणी जमते आणि पीक श्रावणात हाती येतं, नाव त्यावरूनच पडलं. विदर्भ-मराठवाड्यात ऑक्टोबरची पेरणी जास्त भरवशाची. कोकणातल्या मुसळधारेत मुळं कुजतात, तिथेही पाऊस गेल्यावरच पेरावं.

बी भिजत घालायची सवय इथे नडते. रात्रभर पाण्यात ठेवलेली बी फुगून चिरते आणि मातीत सडते. कोरडीच, एक इंच खोल, ओलसर मातीत पेरा आणि उगवेपर्यंत पाणी बेतानं द्या. बुटका वाण असेल तर ओळींत एक फूट, रोपांत चार-पाच इंच. बारा इंची कुंडीत तीन रोपं. 'कंटेंडर' आणि 'अर्का कोमल' हे बुटके वाण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडायला येतात, पण बहर दोन-तीन आठवड्यांतच संपतो. म्हणून सगळं बी एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी चार-पाच बिया टाका. 'केंटकी वंडर' हा वेलीचा वाण, पाच-सहा फुटांच्या काठ्यांवर चढतो, थोडा उशिरा येतो, पण तोडणी जास्त दिवस चालते.

डाळवर्गातलं पीक स्वतःचा नत्र स्वतः करतं, हे वालाच्या बाबतीत खरं. श्रावणघेवड्याच्या मुळांवर हा नत्र करणाऱ्या गाठी कमी धरतात, त्यामुळे त्याला खत लागतंच. पेरताना कुंडीला दोन ओंजळी कंपोस्ट, तिसऱ्या आठवड्यात आणखी एक. रोपं तीन आठवड्यांच्या आत अचानक माना टाकू लागली आणि बुंधा मातीलगत फुगून तडकलेला दिसला तर ती खोडमाशी. अळी खोडाच्या आत असते. मेलेली रोपं उपटून टाका, उरलेल्यांच्या बुंध्याशी मातीची भर लावा, वरून नवी मुळं फुटून काही रोपं सावरतात.

शेंगेऐवजी दाणे हवे असतील तर दोन्हीकडे वेगळी जात लागते. कोकणातला कडवा वाल भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर मोकळ्या शेतात घेतात. कुंड्यांत तो लावून बिरड्यापुरते वालही जेमतेम निघतील. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा राजम्याच्या, म्हणजे श्रावणघेवड्याच्या जातकुळीचा. सुके दाणे दोन्ही कच्चे खाऊ नयेत. वाल भिजवून, पाणी फेकून, नीट शिजवून घ्यावेत. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळाखळा उकळलाच पाहिजे. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. गावाहून नेलेला वेलीचा वाल तिथल्या लांब उन्हाळ्यात पानंच काढतो, आणि फुलायला येतो तोवर थंडी त्याला मारते. तिथे श्रावणघेवडा लावावा, नाहीतर तिथला लाल फुलांचा रनर बीन. हा श्रावणघेवड्याचा चुलतभाऊ, पण जात वेगळी. उगवताना श्रावणघेवड्याची बीदलं, म्हणजे दाण्याच्या दोन जाड डाळी, मातीवर येतात, रनर बीनची मातीतच राहतात, त्यावरून रोपं ओळखता येतात. उंच काठ्यांसाठी 'स्कार्लेट एम्परर', कुंडीसाठी बुटका 'हेस्टिया'. रात्री दव गोठायचं थांबल्यावर, मे महिन्याच्या मध्यापासून बाहेर पेरायचा. तोच रनर बीन हौसेनं इकडे आणला तर मैदानी उन्हात लाल फुलं दिसतात, शेंगा मात्र क्वचित धरतात.

तोडणीत हयगय दोघांनाही चालत नाही, श्रावणघेवड्याला तर मुळीच नाही. एक दिवसाआड शेंगा काढा. पानाआड चार शेंगा जून झाल्या की झाड फुलणं थांबवतं. बियाण्यासाठी एखादं निरोगी झाड आधीच बाजूला ठेवा, त्याची एकही शेंग खाण्यासाठी तोडू नका. ज्या झाडाची पानं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांनी आकसली आहेत त्याचं बी अजिबात धरू नका. श्रावणघेवड्याचा हा रोग बियांतून पुढच्या वर्षी येतो.