बडोद्यात लिंगभाव आणि लैंगिकता या विषयावर पीएच.डी.: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

बडोद्यातील मराठी घरांतून समाजशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलामुलींनी विवाहसंस्था, लैंगिकता किंवा तृतीयपंथी समाज यांवर संशोधन करायचे ठरवले, की अर्ज कोणत्या विषयात करायचा हा पहिलाच प्रश्न उभा राहतो. अशा संशोधनाची नोंदणी साधारणपणे समाजशास्त्राखाली होते. लिंगभाव हे त्यातील अभ्यासक्षेत्र असते आणि ते अर्जासोबतच्या संशोधन आराखड्यातून दिसावे लागते. या शहराला हा विषय परका नाही. 1949 मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांनीच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेतले होते.

पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांत आहेत. पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण लागतात; चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना थेट अर्ज करता येतो, मात्र त्यांना 75 टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दोन्हीकडे 5 टक्क्यांची सवलत आहे. प्रवेशासाठी 2024 पासून नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) परीक्षेचे गुण तीन गटांत धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळवलेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. उरलेल्या दोन गटांत नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि ते गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. विद्यापीठाने त्या वर्षी कोणती वाट खुली ठेवली आहे, हे जाहिरातीतच पाहावे.

अर्ज भरण्यापूर्वी मार्गदर्शकाकडे जागा आहे का, याची चौकशी करणे फार आवश्यक आहे, आणि नेमके तेच अनेकांकडून राहून जाते. प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांना 6 आणि सहायक प्राध्यापकांना 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. त्यामुळे गुण उत्तम असूनही या क्षेत्रातील मार्गदर्शकाकडे जागा नसल्याने प्रवेश हुकू शकतो.

कागदपत्रांत गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, नेटचा निकाल, जन्मतारखेचा पुरावा, जातीचा व नॉन-क्रीमीलेअरचा दाखला, दुसऱ्या विद्यापीठातून आल्यास मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नोकरी असल्यास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र एवढे तयार ठेवावे. अडचण बहुधा नावात येते. लग्नानंतर वडिलांचे नाव जाऊन पतीचे नाव आणि आडनाव आलेले असते, गुणपत्रकावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो. तृतीयपंथी उमेदवारांनी 2019 च्या कायद्यानुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळणारे ओळख प्रमाणपत्र आधी घेऊन ठेवावे. ज्यांचे दाखले महाराष्ट्रातील आहेत, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की गुजरातमधील राखीव जागांसाठी ते आपोआप ग्राह्य धरले जात नाहीत.

आता संशोधन आराखड्याविषयी, कारण माझ्या मते या विषयात निवड खरी तिथेच होते. आराखड्यात प्रश्न, पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा, पद्धती आणि कालावधी यांबरोबर नीतिविषयक भाग स्वतंत्रपणे आणि सविस्तर लिहावा. ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत, म्हणजे इथे मराठी, गुजराती किंवा हिंदीत, कशी घेणार. रावपुरा किंवा दांडिया बाजारसारख्या, सगळे एकमेकांना ओळखतात अशा वस्तीत केवळ नाव बदलल्याने माणूस लपत नाही, तेव्हा ओळख कशी राखणार. ध्वनिमुद्रणे कुठे आणि किती काळ ठेवणार, हे सांगता आले पाहिजे. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खाली प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापासून गुन्हा राहिलेले नाहीत, तरी घरात ओळख उघड झाल्याचे परिणाम त्या माणसालाच भोगावे लागतात. अठरा वर्षांखालील मुलांशी बोलणार असाल, तर पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मग गुप्ततेचे आश्वासन किती द्यायचे, हे आराखड्यातच ठरलेले असावे. अभिलेखांवर काम करू इच्छिणाऱ्यांना बडोदे संस्थानाचा 1904 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि 1931 चा घटस्फोटाचा कायदा यांत मोठे क्षेत्र खुले आहे, आणि मोडी वाचता येत असेल तर ते आराखड्यात अवश्य नमूद करावे.

प्रवेशानंतर किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क 55 टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावा लागतो. त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम असतो. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा, पुनर्नोंदणीने आठ. स्त्रियांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळतात. मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा वेगळी असते.

जेआरएफ मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात. ती नसलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेसाठी अर्ज करावा; तिच्यात दरमहा 15,000 रुपये आणि वर्षाला 20,000 रुपये आकस्मिक खर्चासाठी दिले जातात.

इथे नोंदणी केलेल्या अनेक मुली लग्नानंतर पुण्या-मुंबईला जातात. विवाहामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थिनीला आपले संशोधन दुसऱ्या संस्थेकडे नेता येते; फक्त ते काम मूळ संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या प्रायोजित प्रकल्पातील नसावे, आणि मूळ विद्यापीठाचे व मार्गदर्शकाचे श्रेय प्रबंधात नोंदवावे.