कुत्रीचा गर्भावधी व विण्याची तयारी

कुत्रीचा गर्भावधी अंडमोचनापासून, म्हणजे बीजकोशातून अंडे बाहेर पडल्यापासून, मोजला तर ६३ दिवसांचा असतो आणि त्यात फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. लहान-मोठ्या बहुतेक जातींना हा आकडा लागू पडतो. संयोगाच्या तारखेपासून मोजल्यास मात्र हाच काळ ५७ ते ७२ दिवस असा पसरतो. घरोघरी वहीत लिहून ठेवलेली तारीख बहुधा संयोगाचीच असते. त्यामुळे ‘दिवस भरले’ म्हणून घाईने केलेले सिझेरियन आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणून गमावलेली पिल्ले, या दोन्हींच्या मुळाशी हीच मोजणी असते.

महाराष्ट्रात भटक्या कुत्र्यांचा माज भाद्रपदाशी जोडला जातो आणि कार्तिकात गल्लोगल्ली पिल्ले दिसू लागतात. दोन महिन्यांचा हा लोकांचा हिशेब ढोबळ असला तरी चुकीचा नाही. पाळीव कुत्री साधारण सहा-सात महिन्यांच्या अंतराने, कोणत्याही ऋतूत माजावर येते.

मोजणीतील घोळाचे कारण : मादीच्या शरीरात कुत्र्याचे शुक्राणू साधारण आठवडाभर फलनक्षम राहतात. उलट, कुत्रीचे अंडे अपक्व अवस्थेतच बीजकोशातून बाहेर पडते. ते पक्व व्हायला आणखी दोन ते तीन दिवस लागतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसच ते टिकते. अंडमोचनाच्या पाच दिवस आधी लागलेली कुत्री संयोगापासून ६८ व्या दिवशी विते, तर अंडमोचनानंतर चार दिवसांनी लागलेली ५९ व्या दिवशी. दोघींच्याही पिल्लांची वाढ पूर्ण झालेली असते. दोन-तीन वेळा जोडी लावली असेल तर कोणत्या संयोगाने गर्भ राहिला हे तारखांवरून सांगता येत नाही.

शून्य दिवसाचा प्रश्न : ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) लॅकोनियन शिकारी कुत्रीचा गर्भावधी वर्षाचा एक षष्ठांश, म्हणजे ६० दिवस, असा दिला आहे व एक ते तीन दिवस कमी-जास्त होऊ शकतात असेही म्हटले आहे. अन्य काही कुत्र्यांसाठी तो वर्षाचा एक पंचमांश, म्हणजे सुमारे ७२ दिवस सांगतो, तर काहींसाठी पुरते तीन महिने. यातील पहिले दोन आकडे संयोगापासून केलेल्या मोजणीच्या आजच्या मर्यादांत बसतात. त्यामुळे त्याने जातींचा म्हणून नोंदलेला फरक बराचसा मोजणीचा असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तीन महिन्यांची नोंद मात्र कोणत्याच मोजणीत बसत नाही.

आधुनिक काळात तीन वेगवेगळे ‘शून्य दिवस’, म्हणजे मोजणी सुरू करण्याचे दिवस, पुढे आले. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात होल्स्ट व फेमिस्टर यांनी बीगल कुत्र्यांवरील अभ्यासात योनिमार्गातील पेशींवरून माजोत्तर अवस्थेचा पहिला दिवस निश्चित केला. त्या दिवसापासून सुमारे ५७ दिवसांनी कुत्री विते. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील पॅट्रिक कॉनॅनन व सहकाऱ्यांनी अंडमोचन घडवून आणणाऱ्या ल्युटिनायझिंग हॉर्मोनची, म्हणजे एलएचची, रक्तातील उसळी हा आधार घेतला. तेथून काळ ६५ दिवसांचा (एखादा दिवस इकडेतिकडे) भरतो. अंडमोचन या उसळीनंतर सुमारे दोन दिवसांनी होते, म्हणून तेथून ६३. तिन्ही आकडे परस्परांशी जुळतात. गोंधळ होतो तो एकाचा शून्य दिवस घेऊन दुसऱ्याचा आकडा लावल्याने. ‘४५ व्या दिवशी एक्स-रे’ असे वाचनात आले, तर तो ४५ वा दिवस कोठून मोजलेला आहे हे आधी पाहावे.

शास्त्रीय दृष्ट्या एलएच हा सर्वांत नेमका आधार; पण ही उसळी एक-दोन दिवसांतच ओसरते आणि ती पकडायला रोज रक्त तपासावे लागते. व्यवहारात प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवून धरणाऱ्या हॉर्मोनची) चाचणीच अधिक उपयुक्त ठरते. माजाच्या सुरुवातीला त्याची पातळी दर मिलिलिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते, एलएचच्या उसळीच्या सुमारास २ ते ३ व अंडमोचनाच्या वेळी बहुधा ४ ते १० च्या दरम्यान. दर दोन दिवसांनी, एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. एकाच नमुन्यावरून दिवस ठरविण्यापेक्षा पातळी चढती आहे ना, हे पाहणे महत्त्वाचे. पेशींची पद्धत स्वस्त आहे. योनिमार्गात ओलसर कापसाची काडी फिरवून ती काचपट्टीवर हलकेच लोळवतात व पट्टी रंगवून पाहतात. ऐन माजात जवळजवळ सर्व पेशी मोठ्या, कोनदार व केंद्रक हरवलेल्या दिसतात. माजोत्तर अवस्थेच्या पहिल्या दिवशी एकदम लहान, गोलसर पेशी व बहुधा पांढऱ्या पेशी दिसू लागतात. हा बदल एका दिवसात होत असल्याने पट्टी रोज घ्यावी लागते. तोपर्यंत संयोगाची वेळ निघून गेलेली असते. त्यामुळे ही पद्धत जोडी लावण्यासाठी नव्हे, तर प्रसूतीची तारीख काढण्यासाठी योग्य.

पिल्लांची संख्या कमी असल्यास, विशेषतः एकच पिल्लू असल्यास, एक-दोन दिवस जास्त लागण्याकडे कल असतो. जातिनिहाय फरकही सांगितले गेले आहेत, पण ते या मानाने किरकोळ आहेत.

नोंद नसल्यास : सोनोग्राफीत साधारण २५ व्या दिवसापासून गर्भ व हृदयाचे ठोके खात्रीने दिसतात. गर्भाच्या मापांवरून उरलेले दिवस काढण्यासाठी लुव्होनी व ग्रिओनी यांची २००० सालची सूत्रे बरीच वापरली जातात. मध्यम आकाराच्या कुत्रीत डोक्याची रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन ती २९.१८ मधून वजा करतात व बाकीला ०.७ ने भागतात. लहान कुत्रीत हेच आकडे २५.११ व ०.६१ आहेत. मध्यम कुत्रीत डोके १८ मिमी. भरले तर सुमारे १६ दिवस उरले. किमान दोन गर्भांची मापे घेऊन सरासरी काढावी. अवाढव्य जातींना ही सूत्रे जशीच्या तशी लावू नयेत. एक्स-रेत सांगाडे एलएचच्या उसळीपासून साधारण ४५ दिवसांनी दिसू लागतात, पण पिल्ले मोजायची तर ५५ दिवस उलटू द्यावेत. मोजणीसाठी एक्स-रेच विश्वसनीय. सोनोग्राफीत एकच पिल्लू दोनदा मोजले जाते किंवा एखादे सुटते. माणसांची गर्भचाचणीची पट्टी कुत्रीला निरुपयोगी आहे. प्रोजेस्टेरॉनवरूनही गाभण आहे की नाही हे कळत नाही, कारण ते न फळलेल्या कुत्रीतही दोन महिने चढेच राहते. खोट्या गाभणपणाचा संबंध याच्याशीच आहे.

प्रसूती जवळ आल्याची खूण : प्रोजेस्टेरॉन २ नॅनोग्रॅमच्या खाली उतरले की कुत्री साधारण एका दिवसात विते. याच उताराबरोबर अंगाचे तापमानही सुमारे १° से.ने घटते. ५५ व्या दिवसापासून दिवसातून दोन-तीनदा गुदमार्गात तापमान घ्यावे. ते ३७.२° से.च्या (९९° फॅ.) खाली गेले की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. हा उतार काही तासच टिकतो. दिवसातून एकदाच मोजणाऱ्याच्या हातून तो सहज निसटतो. तापमान उतरून २४ तास गेले तरी काही हालचाल नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

तयारी : विण्याची पेटी आठ-दहा दिवस आधी, घरातल्या शांत कोपऱ्यात ठेवून कुत्रीला तिची सवय करावी. तिला आडवे होऊन पाय पूर्ण ताणता येतील एवढी ती लांब असावी. तीन बाजू उंच, पुढची १५ सेंमी.च्या आसपास. आतून चारही बाजूंना, तळापासून व भिंतीपासून ८ ते १० सेंमी. अंतरावर दांडी बसवतात. आई भिंतीला टेकून बसली तरी पिल्लू दांडीखालच्या फटीत राहते व चिरडत नाही. खाली वर्तमानपत्रांचे थर व त्यांवर धुतलेले सुती कापड. गोणपाट टाळावे, पिल्लांची नखे त्यात अडकतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना थरथरून अंग गरम करता येत नाही. त्यांच्याजवळची हवा २९° ते ३२° से. असावी, यासाठी पेटीच्या एकाच टोकावर दिवा सोडावा, म्हणजे आईला व पिल्लांना दूर सरकता येते. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात प्रश्न उलटा असतो : दिव्याऐवजी हवा खेळती ठेवण्याकडे लक्ष द्यावे लागते, कारण धापा टाकणारी आई पिल्लांजवळ बसत नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत आहार हळूहळू सव्वा ते दीडपट करावा व थोडाथोडा, अनेकदा द्यावा. गाभण कुत्रीला कॅल्शियमचे औषध पाजण्याची आपल्याकडची प्रथा घातक आहे. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळाले की पॅराथायरॉइड ग्रंथी मंदावते आणि व्याल्यावर दुधासाठी हाडांतून कॅल्शियम काढायची वेळ येते तेव्हा ती साथ देत नाही. जंतांसाठी फेनबेन्डाझोल दर किलो वजनाला ५० मिग्रॅ. याप्रमाणे ४० व्या दिवसापासून व्याल्यानंतर १४ दिवसांपर्यंत रोज देतात. गोलकृमींच्या अळ्या वारेतूनच पिल्लांत जातात. जिवंत लसी गाभणपणी टाळाव्यात. जवळ थर्मामीटर, ग्रॅम दाखविणारा काटा, दोरा, निर्जंतुक कात्री, आयोडीन व बरेच कोरडे टॉवेल असावेत.

प्रसूती : पहिली अवस्था साधारण ६ ते १२ तासांची, पहिलटकरणीत अधिक लांबते. कुत्री कापड उकरते, धापा टाकते, खाणे सोडते, कधी ओकते. त्यानंतर पिल्ले अर्ध्या-एक तासाच्या अंतराने येतात. मध्ये आई विसावतेही. मागचे पाय आधी येणे कुत्र्यांत नेहमीचे आहे. पुढील स्थितींत थांबू नये : जोराच्या कळा २० ते ३० मिनिटे चालूनही पिल्लू नाही, आत पिल्ले असताना दोन तासांहून अधिक खंड, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट काळा स्राव. हा रंग वारेचा असतो; पहिल्या पिल्लानंतर तो स्वाभाविक, त्याआधी दिसला तर वार सुटल्याची खूण. सोनोग्राफीत गर्भाचे ठोके मिनिटाला २०० च्या वर असावेत. १८० च्या खाली पिल्लू संकटात असते. कुत्री अडलेली असताना घरीच ऑक्सिटोसिन टोचल्यास गर्भाशय फाटू शकते.

पग, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत ठरवून सिझेरियन करतात व तेथे तारखेची अचूकता सर्वाधिक मोलाची. दोन-तीन दिवस आधी काढलेल्या पिल्लांची फुप्फुसे तयार नसतात. तेव्हा शस्त्रक्रियेआधी प्रोजेस्टेरॉन उतरल्याची खात्री करणे, हे वहीतील तारखेवर विसंबण्यापेक्षा केव्हाही बरे.

आईने पिशवी फोडली नाही तर ती लगेच फोडून पिल्लाचे नाक-तोंड पुसावे व टॉवेलने चोळावे. उलटे धरून झोका देऊ नये, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून २ ते ३ सेंमी. अंतरावर बांधून कापावी व टोकाला आयोडीन लावावे. चीक पहिल्या १२ तासांत पोटात जावा. रोज एकाच वेळी वजन करावे. पहिल्या दिवशी थोडी घट चालते, पण त्यानंतर रोज वाढ हवी, व १० ते १४ दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हावे. व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांत, विशेषतः लहान जातीच्या व बरीच पिल्ले पाजणाऱ्या आईत, अंग थरथरणे, ताठरणे व जोराचा ताप दिसल्यास तो कॅल्शियम घटल्याचा झटका समजावा. पिल्ले त्वरित वेगळी करून तिला दवाखान्यात न्यावे. तेथे शिरेतून कॅल्शियम हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले जाते.