विद्यार्थी-उद्योग शाश्वतता प्रकल्प, नागपूर

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी एखाद्या कारखान्याचा, वीज केंद्राचा किंवा महापालिकेच्या विभागाचा पाणी, ऊर्जा, राख किंवा टाकाऊ मालाशी निगडित असा खरा प्रश्न घेतात, तिथल्या माणसांसोबत त्यावर काम करतात आणि तेच काम पदवीच्या प्रकल्पात जमा होते. अशा कामांना शाश्वतता प्रकल्प म्हणतात. कॉलेजच्या आवारात हे लांबलचक नाव कुणी घेत नाही. तिथे ‘कंपनीचा प्रोजेक्ट मिळाला’ एवढेच बोलले जाते. ‘शाश्वत’ हा शब्द अहवालाच्या मुखपृष्ठावर आणि सादरीकरणाच्या पहिल्या पानावर असतो. शॉप फ्लोअरवर त्याच गोष्टीला ‘बचत’ म्हणतात, आणि बहुतेक वेळा तोच शब्द जास्त खरा असतो.

इंटर्नशिपपेक्षा हे वेगळे. इंटर्नशिपमध्ये विद्यार्थी कंपनीचे चालू काम शिकतो. इथे कंपनीला अडलेले काहीतरी त्याने सोडवून दाखवायचे असते. तयार प्रोजेक्टपेक्षा तर हे फारच वेगळे. शहरात सर्किट, मॉडेल आणि अहवाल एकत्र बांधून विकणारी ‘प्रोजेक्ट सेंटर’ आहेत आणि सबमिशन जवळ आले की तिथे गर्दी होते. कंपनीच्या प्रोजेक्टमध्ये ही पळवाट चालत नाही, कारण आकडे त्या कारखान्याच्या मीटरवरून घ्यावे लागतात आणि तो मीटर दुकानात मिळत नाही.

पार्श्वभूमी

नागपुरात उद्योग आणि तंत्रशिक्षण यांचे नाते जुने आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. कामठीचे खाणउद्योजक राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांची ‘एलआयटी’, उभी राहिली. रसायन, तेल, अन्न, रंग या उद्योगांशी थेट नाते असलेली ही संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. १९६० मध्ये स्थापन झालेले विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. जुने विद्यार्थी त्याला अजून ‘व्हीआरसीई’ म्हणतात, नवे ‘व्हीएनआयटी’. पर्यावरण अभियांत्रिकीच्या बाबतीत शहराचे नशीब थोर म्हणायला हवे: १९५८ मध्ये इथे सुरू झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. सांडपाण्याच्या नमुन्याबद्दल शंका आली तर विचारायला देशातली मोठी प्रयोगशाळा वर्धा रोडजवळच आहे.

१९८० च्या दशकात खासगी महाविद्यालये आली आणि हिंगणा रोड, काटोल रोड, नंदनवन असे शहराच्या चहूकडे अभियांत्रिकीचे वर्ग भरू लागले. दुसरीकडे हिंगणा आणि बुटीबोरी या औद्योगिक वसाहती, विमानतळालगतचा मिहान प्रकल्प, कोराडी, खापरखेडा आणि मौद्याची औष्णिक वीज केंद्रे, शिवाय कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉइल या सरकारी कंपन्यांची मुख्यालये. विषयांची टंचाई इथे कधीच नव्हती. टंचाई आहे ती गेटपासची.

इथले प्रश्न

नागपुरातल्या अशा प्रकल्पांचे विषय परिसरात साचलेल्या टाकाऊ गोष्टींवरून ठरतात.

सगळ्यात जास्त घासला गेलेला विषय राखेचा. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३५ ते ४५ टक्के असते, त्यामुळे वीज केंद्रांशेजारी राखेचे डोंगर आणि तलाव तयार होतात. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत, नाल्यांत शिरले. त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेच्या पूर्ण वापराची सक्ती केली होती आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवली होती. स्थापत्य शाखेत राखेच्या विटा, ब्लॉक आणि काँक्रीट दरवर्षी येते ते यामुळे. पण यातले बरेच प्रकल्प एकाच ठिकाणी फसतात. विद्यार्थी सायलोतली, म्हणजे साठवणुकीच्या उंच टाकीतली, कोरडी, बारीक राख आणतात. तिच्या विटा चांगल्याच होतात आणि तिला गिऱ्हाईकही असते. खरी अडचण तलावातल्या ओल्या, भरड राखेची आहे, आणि तिच्याकडे वळणारे गट कमी. शिवाय चुना आणि राख यांची रासायनिक क्रिया सावकाश चालते. २८ दिवसांनी दाबून फोडलेली वीट ९० दिवसांनी आणखी मजबूत निघते, पण तोवर सत्र संपलेले असते.

पाण्याचा विषय जास्त खोल आहे. भांडेवाडीच्या प्रकल्पात दररोज १३० दशलक्ष लिटर सांडपाणी प्रक्रिया करून कोराडी वीज केंद्राला देण्याची योजना नागपुरात राबवली गेली, आणि देशभर तिचा दाखला दिला जातो. विद्यार्थ्यांना त्यातून मिळतो तो शीतकरण मनोऱ्याचा प्रश्न. मनोऱ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि पाणी घट्ट होत जाते. ते किती पट घट्ट होऊ द्यायचे यावर बाहेर सोडाव्या लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण ठरते. १०० लिटर वाफ होत असेल आणि क्षार तिप्पट होईपर्यंत थांबलो तर ५० लिटर सोडून द्यावे लागते; पाचपट होऊ दिले तर २५ लिटर पुरते. हिशेब दोन ओळींचा, अडचण नळ्यांच्या आत. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात फॉस्फेट आणि अमोनिया उरतो. फॉस्फेटचा थर बसतो, अमोनिया तांब्याच्या मिश्रधातूंना खातो आणि शेवाळाला मेजवानी मिळते. त्यामुळे ‘तीनाचे पाच करा’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला केमिस्ट आधी थराचा तुकडा हातात देतो.

संत्र्याचा विषय रसायन आणि अन्न तंत्रज्ञानवाल्यांचा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रस काढल्यावर उरलेल्या सालीत तेल आणि पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) असते. तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन (limonene) हे सुगंधी रसायन. वाफेने तेल काढणे प्रयोगशाळेत सोपे आहे, पण साल ओली असते आणि लगेच आंबते. ती जमा करून, वाळवून कारखान्यापर्यंत पोचवण्याचा खर्च धरला की बरेचसे गणित कोसळते. हे सांगणारा अहवाल ‘अयशस्वी’ म्हणून कमी गुणांचा ठरू नये, पण ठरतो.

याशिवाय खाणीतल्या पाण्याचा वापर (वेस्टर्न कोलफिल्ड्सने ते शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंदही केले आहे), भातगिरण्यांचे तूस, छपरावरची सौर ऊर्जा आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नाग नदी व अंबाझरीच्या सांडव्याचा अभ्यास हेही विषय येतात.

हवेची गळती : एक प्रकल्प जवळून

या प्रकारातला सगळ्यात साधा आणि बहुधा सगळ्यात उपयोगी प्रकल्प म्हणजे दाबाच्या हवेची गळती मोजणे. बुटीबोरी किंवा हिंगण्यातल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात कॉम्प्रेसर असतो आणि त्याच्या नळ्या कुठे ना कुठे फुसफुसत असतात. दिवसा यंत्रांच्या आवाजात ते ऐकू येत नाही. म्हणून विद्यार्थी साप्ताहिक सुटीच्या दिवशी जातात. सगळी यंत्रे बंद, फक्त कॉम्प्रेसर चालू. हवा कुणीच वापरत नाही, तरी दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा दाबू लागतो. घड्याळ लावून दोनच वेळा टिपायच्या: लोडवर किती सेकंद, रिकामा किती सेकंद. समजा ९० सेकंद लोड आणि २१० सेकंद रिकामा. म्हणजे ३०० पैकी ९०. कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा भोकांतून जाते आहे.

मग साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन जोड शोधायचे. बुडबुडा आला की तिथे नंबर लिहिलेली पट्टी बांधायची. गळती बहुतेक वेळा मोठ्या पाइपात नसते. ती क्विक कपलिंगमध्ये, ड्रेन व्हॉल्व्हमध्ये आणि कुणीतरी तार गुंडाळून भागवलेल्या होजमध्ये असते. ती तार ज्याने गुंडाळली तो फिटर शेजारीच उभा असतो, आणि पुढचा प्रकल्प त्याच्याशी कसे बोलतो यावर चालतो. ‘दादा, ही कधीपासून अशी आहे?’ असे विचारणाऱ्याला तो आणखी चार जागा दाखवतो. ‘इथे लॉस आहे’ असे वहीत लिहीत जाणाऱ्याला काही दाखवत नाही.

सत्र आणि ऋतू

या प्रकल्पांचा खरा शत्रू पैसा नसून कॅलेंडर आहे. सातवे सत्र पावसाळ्यात सुरू होते, आठवे जानेवारीत. एप्रिल-मेमध्ये व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, होऊन मुले मोकळी होतात. नागपूरचे प्रश्न मात्र आपल्या ऋतूनेच येतात.

कूलरचे उदाहरण घ्या. कूलर हा इथला घरगुती उद्योग. होळी झाली की गच्चीवरून कूलर उतरतात, वुडवूल बदलले जाते, खसाच्या ताट्या भिजवल्या जातात. पाणी कमी पिणारा कूलर किंवा क्षार न धरणारा पॅड हा यंत्र शाखेचा आवडता विषय. चाचणी मात्र जानेवारी-फेब्रुवारीत होते. तेव्हा दुपारी २८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के असेल तर ओल्या गोळ्याचे तापमान, म्हणजे नुसत्या बाष्पीभवनाने हवा जिथवर थंड होऊ शकते ती मर्यादा, १८ च्या आसपास येते, म्हणजे कूलरला खेळायला जेमतेम १० अंश मिळतात. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना तेच अंतर २० च्या पुढे जाते. हवेचे तापमान जास्त अंशांनी उतरते, पाणी भराभर उडते आणि क्षारही तितक्याच वेगाने साठतात. ज्या परिस्थितीसाठी कूलर बनवला ती यायच्या आधीच त्याला गुण मिळालेले असतात. कूलर बनवणारा उद्योजक हे जाणतो. म्हणून तो मुलांचे कौतुक करतो आणि ऑर्डर देत नाही.

संत्र्याचे वेळापत्रक त्या मानाने दयाळू आहे. संत्र्याला वर्षात दोन बहार येतात: आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर येतात, त्यामुळे दोन्ही सत्रांत साल मिळते. काही मार्गदर्शक सत्र आणि ऋतू यांच्या या अडचणीवर तोडगा म्हणून तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातच मोजमाप सुरू करून घेतात, किंवा एका तुकडीची नोंदवही पुढच्या तुकडीला देतात. दुसरा उपाय चांगला आहे, फक्त ‘गेल्या वर्षीचाच विषय’ म्हणून एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, नाक मुरडतो.

करार, पैसा, मालकी

सामंजस्य करार, म्हणजे ‘एमओयू’, संस्था आणि कंपनी यांच्यात होतो. त्याचा समारंभ होतो, फोटो मूल्यांकनाच्या फायलीत लागतो आणि पुष्कळदा करार तिथेच राहतो. काम चालते ते प्लांटमधल्या एका माणसाच्या, बहुधा मेंटेनन्स किंवा युटिलिटीच्या प्रमुखाच्या, भरवशावर. त्याची बदली झाली की प्रकल्प पोरका होतो.

पैशाची वाट २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधून जाते. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्चायची असते. शाश्वत विकास उद्दिष्टांशी जोडलेल्या संशोधनासाठी सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठांना आणि संस्थांना दिलेला निधी त्यात बसतो. खासगी महाविद्यालयांना ही वाट तितकी सरळ नाही. मात्र गळतीसारख्या प्रकल्पाला मुळात खर्चच नसतो. बसभाडे आणि सेफ्टी शूज मिळाले तरी पुरते.

मालकीचा प्रश्न वेगळाच. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळते, त्यामुळे अर्ज वाढले. पण आधी पोस्टर आणि पेपर, मग पेटंट, असा उलटा क्रम अजून सर्रास दिसतो. एकदा माहिती जाहीर झाली की नावीन्याचा दावा सहसा टिकत नाही. कंपनीला गुप्तता हवी असते, विद्यार्थ्याला पेपर हवा असतो, आणि दोघांनी हे पहिल्या बैठकीत बोलायचे राहून जाते.

हस्तांतर

प्रकल्प टिकला की नाही हे पदवीदानानंतर कळते. बांधीव अहवालाची एक प्रत कंपनीला जाते आणि कपाटात राहते. उपयोगी पडते ती वेगळीच वस्तू: पॅनलच्या दारावर चिकटवलेला, लॅमिनेट केलेला एक कागद. त्यावर कोणता व्हॉल्व्ह कधी बंद करायचा, कोणता आकडा दिसला की कुणाला फोन करायचा, एवढेच मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असते. शिफ्ट ऑपरेटर तो कागद वाचतो. काही मार्गदर्शक आता मुलांना हा कागद आधी लिहायला लावतात, अहवाल नंतर. आणि ऑपरेटरने त्यात खोडून स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली असेल, तर ती प्रत व्हायवाला सोबत आणायला सांगतात.